हजेरी हिरवी, गाव रिकामं: पोषणाच्या कामात ‘सहभाग’ मोजायचा कसा?

(एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मधेच ओरडलेला कुकर काढून टाकलाय, बाकी जवळपास जसंच्या तसं. ज्यांना बसमध्ये रेंज मिळत नाही त्यांच्यासाठी खास.)

आज थोडा कोरडा वाटेल असा विषय घेतलाय. पण पहिली पाच मिनिटं थांबा, कारण सुरुवात माझ्या चुकीपासून आहे आणि दुसऱ्याची चूक ऐकायला सगळ्यांनाच आवडतं.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला, धारूर तालुक्यातल्या एका वाडीचा. बीटेक झालो, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागलो. शनिवार-रविवारी एका सामाजिक संस्थेसाठी फुकटात कोडिंग करायचो. नाव घेत नाही, कारण चूक त्यांची कमी आणि माझी जास्त होती. संस्थेचं काम होतं गावपातळीवरच्या पोषण समित्यांना मदत करण्याचं. त्यांना एक डॅशबोर्ड हवा होता, ज्यावर कुठल्या गावातले सदस्य सक्रिय आहेत आणि कुठले झोपलेत ते दिसेल.

मी बनवला. बैठक झाली का, हजेरी किती, फोटो अपलोड झाला का, फोटोला लोकेशन आहे का. चार खाणी, त्यातून एक आकडा, आकड्यावरून रंग. हिरवा, पिवळा, लाल. देखणं काम होतं, खरं सांगतो.

मग दिवाळीला गावी गेलो. ओट्यावर बसून आईला मोबाइलवर कौतुकाने दाखवत होतो, “हे बघ, आपलं गाव. हिरवं आहे.” यादी उघडली तर सदस्यांमध्ये आईचंच नाव.

“आई, तू समितीत आहेस?”

“कसली समिती?”

“पोषणाची. गेल्या तीन बैठकांना तुझी सही आहे.”

आई जरा वेळ विचार करून म्हणाली, “सही तर मी पोरीचं पाकीट आणायला गेल्ते तवा केली. ताई म्हनल्या हितं पन करा. केली.”

पोरगी म्हणजे माझी भाची. पाकीट म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार. माझ्या डॅशबोर्डवर आई ‘अत्यंत सक्रिय सदस्य’ होती. तिला बिचारीला पत्ताच नव्हता.

आधी थोडं समजून घेऊ: ही भागीदारी असते कुणाकुणाची?

पोषणाचं सरकारी काम म्हटलं की आपल्याला अंगणवाडी आठवते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे पन्नास वर्षं झाली. पण लेकराचं वजन एकटी अंगणवाडी वाढवू शकत नाही. पाणी ग्रामपंचायतीकडे, लसीकरण आरोग्य खात्याकडे, गरम आहार बऱ्याच ठिकाणी बचत गटाकडे, घरोघर जाणं आशाताईंकडे, आणि कधी संस्था किंवा कंपन्यांचा सीएसआर निधी. म्हणून मग समिती.

गावातली मुख्य समिती म्हणजे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ती आली. २०१३ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की किमान १५ सदस्य असावेत, त्यात निम्म्या तरी बायका असाव्यात आणि गावातल्या प्रत्येक वस्तीचं कुणीतरी असावं. दर महिन्याला बैठक. खर्चाला वर्षाला दहा हजारांपर्यंतचा अबंधित निधी, म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावानं ठरवायचं.

कागदावर ही फार सुंदर कल्पना आहे. ज्या बाईच्या लेकराचं वजन घटतंय तीच ठरवणार की पैसे कशाला वापरायचे. प्रश्न एवढाच की ती बाई खोलीत आहे का, आणि असली तर बोलते का.

बीडचा प्रश्न: खोलीत कोण आहे हे ऋतूवर ठरतं

आपल्याकडे दसरा झाला की गाड्या लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ते फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, काही जण कर्नाटकात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या कितीतरी वाड्यांमध्ये मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं. अंगावर पिणारं लेकरू आईबरोबरच जातं, फडाशेजारच्या कोपीत राहतं. पाडव्याच्या आगेमागे माणसं परत येतात.

आता हे गाव डेटामध्ये कसं दिसतं ते बघा.

समजा गावात सहा वर्षांखालची ४० लेकरं आहेत. त्यातली १८ आईबापाबरोबर उसाला गेली. डिसेंबरमध्ये वजन झालं २२ जणांचं, त्यातली दोन कुपोषित निघाली. टक्केवारी? २२ पैकी २, साधारण ९ टक्के. ठीकठाक वाटतं.

एप्रिलमध्ये सगळी परत आली, आणि समजा त्या १८ मधली पाच कुपोषित निघाली. आता ४० पैकी ७, म्हणजे साडेसतरा टक्के. कागदावर वाटतं की एका महिन्यात गावात काहीतरी भयंकर घडलं. घडलं नाही. ते पाच महिने घडतच होतं, फक्त आपण मोजत नव्हतो.

आणि इथे माझी दुसरी चूक. डेटा साफ करताना मी एक ओळ लिहिली होती. जे प्रोग्रामिंग करतात त्यांना माहिती आहे: ज्या नोंदीत रकाना रिकामा आहे ती नोंद काढून टाक. सगळेच करतात. ट्यूटोरियलमध्ये पहिल्या धड्यात शिकवतात. पण रिकामा रकाना म्हणजे नेहमी टायपिंगची चूक नसते. इथे रिकामा रकाना म्हणजे एक लेकरू होतं, जे त्या वेळी कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत कोपीपुढे धुळीत बसलं होतं. मी एका ओळीत गावातली निम्मी लेकरं पुसली आणि वर हिरवा रंग दिला.

आमच्या शेजारचंच एक लेकरू चैत्रात परत आलं तेव्हा ताईंनी दंडाला पट्टी लावली. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांसाठी ती पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. पट्टी लाल दाखवत होती. माझ्या डॅशबोर्डवर ते लेकरू कधी नव्हतंच.

सदस्यांचंही तसंच. समजा समितीत १६ जण आहेत, ७ उसाला गेले, उरलेल्या ९ पैकी ५ आले. संस्था लिहिते ५६ टक्के हजेरी. पण पूर्ण समिती धरली तर १६ पैकी ५, म्हणजे ३१ टक्के. आणि गैरहजर कोण? नेमके तेच, ज्यांच्या लेकरांसाठी ही समिती आहे. म्हणून पहिला धडा लिहून घ्या: अंश बघायच्या आधी छेद विचारा. “किती टक्के?” याआधी “कशाच्या किती टक्के?”

महाराष्ट्र सरकारने स्थलांतरित बायका-मुलांच्या नोंदीसाठी वेगळी ट्रॅकिंग व्यवस्था आणलीय आणि केंद्राच्या पोषण ट्रॅकरमध्येही लाभार्थ्याला दुसऱ्या अंगणवाडीत हलवायची सोय आहे. सोय असणं चांगलंच. पण ती वापरली जाते का, हेही कुणीतरी मोजायला हवं ना.

शिडी आणि कोळ्याचं जाळं

मग मी जरा वाचायला लागलो. कळलं की हा घोळ जगात सगळीकडे आहे आणि लोकांनी त्यावर पन्नास-साठ वर्षं डोकं खाजवलंय.

१९६९ मध्ये शेरी अर्नस्टीन नावाच्या अमेरिकन बाईंनी एक लेख लिहिला. त्यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली हातचलाखी, म्हणजे नुसतं नाव लावायचं. माझी आई तिथे. मग माणसांनाच ‘सुधारण्याचा’ प्रयत्न. तिसरी पायरी माहिती देणं, चौथी मत विचारणं, पाचवी एखादी खुर्ची देऊन समाधान करणं. सहाव्या पायरीवर भागीदारी येते. सातवीवर काही निर्णय लोकांच्या हातात आणि आठवीवर पूर्ण ताबा लोकांचा.

गंमत बघा. आपण पहिल्या पायरीवरच्या गोष्टीलाही ‘भागीदारी’ म्हणतो. अर्नस्टीनबाईंच्या हिशेबात भागीदारी सहाव्या पायरीला सुरू होते. हजेरीपत्रक तिथपर्यंत पोचतच नाही.

दुसरं साधन सुसान रिफकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलं. त्यांनी आरोग्याच्या कामातला सहभाग मोजायला पाच अक्ष घेतले. गरज कुणी ठरवली, नेतृत्व कुणाचं, संघटन गावातलं की वरून आलेलं, साधनं कुणी गोळा केली, आणि रोजचा कारभार कोण बघतं. प्रत्येक अक्षावर एक ते पाच गुण. ठिपके जोडले की कोळ्याच्या जाळ्यासारखा आकार होतो. आपण इंजिनिअर लोक त्याला रडार चार्ट म्हणतो. क्रिकेटच्या ॲपमध्ये खेळाडूंची तुलना बघता ना, तसलाच.

मला हे आवडलं, कारण यात एकच आकडा नाही. साधनं भरपूर जमवलेलं पण नेतृत्व एकाच घराण्याच्या हातात असलेलं गाव एका बाजूला फुगलेलं दिसतं. आणि दरवर्षी तोच चार्ट काढला की आकार कुठे वाढला, कुठे आक्रसला ते कळतं. गावागावात शर्यत लावायला याचा उपयोग नाही, तसा तो करूही नये.

शेजारी जामखेड

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडचं सांग. पाटोदा-आष्टीच्या सीमेला लागून जामखेड आहे. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्यांच्यातलं भावतं ते वेगळंच. गावातली तरुण शेतकरी मंडळं लेकरांची वजनं घ्यायला पुढे आली. कमी शिकलेल्या, बऱ्याचदा दलित समाजातल्या बायका गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. म्हणजे गरज, नेतृत्व, संघटन हे तीनही अक्ष गावाकडे सरकले.

दुसरं उदाहरण लोकाधारित देखरेखीचं. २००७ पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत ते सुरू झालं, पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने. पुढे जिल्हे वाढले तेव्हा त्यात बीडही आलं. यात गावकरीच सरकारी आरोग्यसेवेला गुण देतात, मग जनसुनवाई होते आणि अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. दिशा बघा. माझा डॅशबोर्ड संस्थेच्या बाजूने गावाला गुण देत होता. इथे गाव व्यवस्थेला गुण देतं. उलटा कॅमेरा.

निकाल सुधारला म्हणजे सहभाग चांगला होता का?

हा अवघड प्रश्न आहे. महाराष्ट्रानं २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू केलं. देशातलं पहिलं राज्य पोषण मिशन, आणि त्याचं कार्यालय तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आपल्या मराठवाड्यात. २००५–०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, साधारण ३९ टक्के होता. २०१२ च्या पाहणीत तो २४ टक्क्यांच्या आत आला. जगभरात त्याची चर्चा झाली.

पण पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांचे राष्ट्रीय पाहणीतले आकडे बघा: २०१५–१६ मध्ये ३४.४ टक्के, २०१९–२१ मध्ये ३५.२ टक्के. जवळपास जागेवर. वयोगट वेगळे आहेत, त्यामुळे ३९, २४ आणि ३५ एका ओळीत मांडून “वाढलं-घटलं” ओरडायचं नाही. मुद्दा असा की उंची-वजनावर पाऊस, मजुरी, आईचं लग्नाचं वय, शौचालय, सगळ्याचाच परिणाम होतो. त्यातून समितीचा वाटा वेगळा काढणं फार कठीण. म्हणून निकाल वेगळा मोजा आणि सहभाग वेगळा. एकाचं श्रेय दुसऱ्याला चिकटवू नका.

‘नाही’ म्हणणं हाही सहभाग

ऑगस्ट २०२१ आठवतोय? राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जुने, हँग होणारे, आणि पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी इंग्रजीत करायच्या. ॲपच्या भाषेत बोलायचं तर त्या दिवशी ‘सक्रिय वापरकर्ते’ धाडकन खाली आले. माझा डॅशबोर्ड असता तर म्हणाला असता: सहभाग शून्य, लाल रंग. खरं तर हजारो बायका एकत्र येऊन सांगत होत्या की हे साधन आमच्या कामाचं नाही. याहून मोठा सहभाग कुठला? ज्या समितीच्या इतिवृत्तात वर्षभर एकही हरकत नाही, तिच्याबद्दल मला आता जास्त शंका येते.

याच्या उलट टोक म्हणजे कागदी सदस्यत्व. घरी न्यायच्या आहाराचा पुरवठा ठेकेदारांनी न करता महिला मंडळं आणि बचत गटांनी करावा, अशी सर्वोच्च न्यायालयाची जुनी भूमिका. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने महाराष्ट्राची सुमारे ६,३०० कोटींची आहार निविदा रद्द केली. अटी अशा होत्या की खरे छोटे गट टिकूच शकत नव्हते. नावात ‘महिला’ असणं आणि निर्णयात महिला असणं, यातलं अंतर मोजायला हवं ते यासाठी.

मग मी काय बदललं?

आधी ती ओळ काढली. आता रिकामा रकाना पुसला जात नाही, तिथे लिहून येतं: ‘गावात नाही’. आणि हजेरीच्या टक्क्याऐवजी पाच प्रश्न ठेवले.

१. सदस्याला स्वतःला माहिती आहे का की तो सदस्य आहे? दरवेळी यादीतली तीन नावं कुठलीही काढायची आणि घरी जाऊन विचारायचं.

२. बैठकीत बोललं कोण? वाड्या-वस्त्यांवरची बाई बोलली का? तिचं म्हणणं इतिवृत्तात तिच्या शब्दांत आहे का?

३. मागच्या बैठकीत ठरलेल्या गोष्टींपैकी किती झाल्या? न झालेल्या का राहिल्या?

४. पैसे कशावर खर्च झाले, आणि ते सही करणाऱ्यांशिवाय कुणाला सांगता येतं का?

५. जे गावात नाहीत त्यांच्यासाठी समितीनं काय ठरवलं?

पाचवा प्रश्न बीडसाठी. नंदुरबारात, मेळघाटात किंवा मुंबईच्या वस्तीत तो वेगळ्या शब्दांत लिहावा लागेल, पण लागेल नक्की.

नवीन मांडणी लावली तेव्हा आमचं गाव हिरव्यावरून थेट लाल झालं. संस्थेत शांतता. एक जण म्हणाले, “अरे, देणगीदारांना काय दाखवायचं?” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पैसे आणायचं काम सोपं नसतं. पण मला शेजारचं लेकरू दिसत होतं, मी म्हटलं, एक हंगाम असंच राहू द्या.

हंगामाआधी, पितृपाटात, गावात एक बैठक झाली. दुपारी नाही, रात्री जेवणं झाल्यावर मारुतीच्या पारावर, कारण दुपारी बायका रानात असतात. पहिल्यांदा जाणाऱ्या कोयत्यांची यादी समितीनं स्वतः केली. कुठल्या घरातलं कोणतं लेकरू, वजन किती, मुकादम कोण, कारखाना कुठला. प्रत्येक आईच्या हातात वजनाची चिठ्ठी दिली, तिकडच्या अंगणवाडीत दाखवायला. एक बाई म्हणाली, “चिठ्ठी दिली, पन फडातून अंगनवाडी तीन कोस हाय. कोन नेनार लेकराला?” कुणाकडेच उत्तर नव्हतं. पण तो प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला, तिच्याच शब्दांत.

त्या चिठ्ठ्यांपैकी काही परत आल्या, मागच्या बाजूला तिकडच्या ताईंनी लिहिलेल्या वजनासकट. बऱ्याच आल्या नाहीत, काही पावसात गेल्या म्हणे. गाव अजून पिवळंच आहे. पण आता त्या पिवळ्याचा अर्थ मला सांगता येतो, आधीच्या हिरव्याचा येत नव्हता.

आणि आई? तिला परवा फोनवर विचारलं, बैठकीला गेलीस का. म्हणाली, “गेल्ते. सही नाई केली. आधी वाचून दाखवा म्हनलं.”

तर मंडळी, गावी जाल तेव्हा एवढंच करा. समितीची सदस्यांची यादी आणि गेल्या वर्षाचं इतिवृत्त बघायला मागा. यादीत आपल्या घरातलं नाव आहे का ते तपासा. असलं तर त्या माणसाला जाऊन सांगा. काय उत्तर येतं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवेन.

भेटू. काळजी घ्या.